उलटा डायोड

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडमागे सारिका मगदूमचं दुकान आहे. त्या दुकानात एका मंगळवारी भर दुपारी एका यंत्रानं तिला लग्नाची मागणी घातली. यंत्र गळ्यात बांधलेला माणूस समोरच स्टुलावर बसला होता म्हणा. पण मागणी त्यानं घातली की यंत्रानं, हे काही केल्या कळेना, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आधी सारिकाविषयी सांगतो. वय पन्नास, एकटी, आणि हात असा की जळालेला अॅम्प्लिफायर नुसता हुंगून कुठं काय गेलंय ते सांगेल. पॉलिटेक्निकला असताना हॉस्टेलवर ती गिटारवाल्या पोरांना पेडलं बनवून द्यायची. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची पत्र्याची डबी. तारेचा आवाज या डबीतून जातो आणि रूप पालटून लाउडस्पीकरला पोचतो. गावी परतल्यावर गिटारी कुठल्या मिळायला? पण आपल्या भागात बेंजो पार्ट्यांना तोटा नाही. वरात असो, गणपती असो, टेम्पोवर बटणांचा तो तारांचा बेंजो हवाच. सारिका बेंजोची पेडलं बनवू लागली आणि बघता बघता निपाणीपासून आजऱ्यापर्यंत तिचं नाव झालं.

तिची खासियत एकच पेडल. ते समजायला तुम्ही ‘व्वा’ हा शब्द अगदी सावकाश म्हणून बघा. घशातला सूर तोच राहतो, पण ओठ उघडतात तसा तो बदलतो. ओठ मिटत आले असतील तर फक्त जाड, खालचे सूर बाहेर पडतात. उघडले की बारीक, चकचकीत सूरही सुटतात. असे निवडक सूर सोडणाऱ्या सर्किटला फिल्टर म्हणतात. सारिकाच्या डबीत असे खोटे ओठ असायचे, आणि ते किती उघडायचे हे तार ठरवायची. तार जोरात छेडली की विजेचा लोंढा येतो. डायोड त्याला एकाच दिशेनं जाऊ देतो आणि तो एका चिमुकल्या कपॅसिटरात साठतो. कपॅसिटर म्हणजे तळाला बारीक भोक असलेली बादली. भरते चटकन, रिकामी होते सावकाश. बादलीत पाणी किती आहे यावरून वाजवणाऱ्यानं किती जोर लावला ते कळतं, आणि त्याप्रमाणे ओठ हलतात. याचं नाव एन्व्हलप फिल्टर.

जगभरच्या बहुतेक गिटारवाल्यांना असं हवं असतं की जोर वाढला की ओठ उघडावेत. बेंजोला ते मानवत नाही. बेंजो आधीच कर्कश, त्यात जोराच्या फटक्याला ओठ उघडले तर ऐकणाऱ्याच्या दातांत कळ जाते. म्हणून सारिकानं पंचवीस वर्षांपूर्वी डायोड उलटा जोडून टाकला. जोर जितका जास्त, तितके ओठ मिटलेले. बेंजो एकदम गोड झाला आणि वाजवणारे खूश झाले. तेव्हापासून तिनं हजारभर डायोड उलटे जोडले असतील.

आता समोरचा माणूस. सर्जेराव पोवार, रानपाखरं बेंजो पार्टीचा मालक. बेंजो वाजवायचा ते ठीकच, पण त्याची खरी ख्याती आवाजाची. टेम्पोवर उभा राहून वाजवणाऱ्यांना हाळी द्यायचा तेव्हा मागच्या चौकातली माणसं दचकायची. चहा सांगायचा तोही पार पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असा. शिव्या तर इतक्या प्रेमानं द्यायचा की खाणाऱ्याला बरं वाटावं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, स्वरयंत्र गेलं. श्वास घ्यायला मानेत एक भोक राहिलं आणि आवाजाच्या जागी काहीच राहिलं नाही.

सन दोन हजार त्रेचाळीसमधे यावर उपाय होता. त्याला कंठपट्टी म्हणत. आपण बोलायचं मनात आणलं की मानेच्या स्नायूंत बारीक वीज खेळते, स्वरयंत्र असो वा नसो. पट्टी ती वीज वाचायची, नाडीही मोजायची, आणि पहिल्या दोन शब्दांवरून पुढचं वाक्य ओळखून स्वतः बोलून टाकायची. कोट्यवधी माणसांची बोलणी तिला पाठ. आवाज बातम्या देणाऱ्यासारखा, व्याकरण निर्मळ. सर्जेरावचा स्वतःचा आवाज तिच्यात घालता आला असता, पण त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगा सगळ्या मिरवणुकीतल्या. कंपनीच्या संगणकानं गोंगाट म्हणून त्या परत पाठवल्या.

झालं काय, की पट्टी आजाऱ्यांपुरती राहिली नाही. बोलायचा कंटाळा असलेल्यांनी ती घेतली, मग दुकानदारांनी घेतली, कारण गिऱ्हाइकाशी पट्टी कधी तुसडेपणानं बोलत नाही. वर्षभरात गाव सुधारलं. सामाईक भिंतीवरून बारा वर्षं भांडणारे दोन भाऊ आता अंगणात उभे राहून एकमेकांना ‘आपला मुद्दा रास्त आहे, तरीही’ असं ऐकवू लागले. भांडण मिटलं नव्हतं, फक्त त्यातली मजा गेली होती. कोण काय मनापासून बोलतंय आणि कोणासाठी पट्टी बोलतेय, हे कुणालाच सांगता येईनासं झालं.

तर त्या मंगळवारी सर्जेरावनं आपलं पेडल काउंटरवर ठेवलं. त्याचं पेडल सारखं बिघडायचं, अकरा वर्षं बिघडत होतं. त्यानं ओठ हलवले, ‘तुम्ही माझ्या’ एवढंच काहीतरी, आणि पट्टी खणखणीत आवाजात म्हणाली, “सारिकाताई, तुम्ही माझ्याशी विवाह कराल का? आपल्या उत्तराची मी प्रतीक्षा करीन.”

सारिकाच्या हातातली कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली जुनी वायर तशीच राहिली. सर्जेराव कानांपर्यंत लाल झाला. त्यानं घाईघाईनं पुन्हा तोंड उघडलं, तर पट्टी म्हणाली, “गैरसोयीबद्दल क्षमस्व.” त्यानं पट्टीवर एक चापट मारली, उठला, आणि पेडल तिथंच टाकून बाहेर पडला.

शेजारच्या गाळ्यात मेहरून स्पीकरच्या कॉइल गुंडाळते. मधे नुसतं प्लायवूड आहे, त्यामुळे एका गाळ्यातलं दुसऱ्यात ऐकू येतं आणि दोघींनाही ते सोयीचं आहे. ती लगेच आली आणि तिनं निकाल देऊन टाकला की हे यंत्राचं काम, माणसाचं नव्हे. पुरावा काय, तर ताई. ताई म्हणून मागणी घालणारा पुरुष आपल्या मुलखात जन्माला यायचाय. सगळं गाव सारिकाला ताई म्हणतं, पण सर्जेरावच्या तोंडून अकरा वर्षांत तो शब्द कधी निघाला नव्हता. तो मॅडम म्हणायचा, नाहीतर काहीच नाही. यावर सारिका म्हणाली की बरोबर आहे, ताई पट्टीची असेल. पण मग लग्नाची गोष्ट कुठून आली? तो तर पट्टीच्या सवयीतला विषय नव्हे, पेडल दुरुस्त करायला आलेल्या माणसासाठी तर नव्हेच. मेहरूननं तिच्याकडं नीट बघितलं आणि हसायला लागली.

खरं सांगायचं तर सारिकाला आनंद झाला होता. लपवण्यात काय अर्थ? एकदा जमलेलं लग्न मोडलं, मग वडिलांचं दुखणं, मग दुकान, असं करत वय गेलं आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण मंगळवारपासून वाटू लागलं. संध्याकाळी सोल्डरिंग करताना ती गुणगुणत होती आणि आपण गुणगुणतोय हे ध्यानात आल्यावर स्वतःवरच वैतागली. कारण बोललं कोण? तो की पट्टी? तिला एवढं एकच हवं होतं. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ ऐकायची तिची तयारी होती. पण ते त्याचं स्वतःचं असावं.

मेहरून म्हणाली, फोनवर विचार. पण फोनची तीच कथा, दोन अक्षरं टाकली की पुढचं पत्र तोच लिहून मोकळा. मग कागदावर लिहून घे, ती म्हणाली. सारिकाला तेही पटेना. कागदावर हो दिसतं, पण किती हो आहे ते दिसत नाही. आयुष्यभर तिनं तार किती जोरात छेडली हे मोजायच्या डब्या बनवल्या होत्या, तिला जोर कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

गुरुवारी ती कोल्हापूरला गेली. सर्जेरावला पट्टी बांधणाऱ्या डॉक्टर ऋजुता नाईकवडी तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. पट्टीचं अंदाज बांधणं बंद करता येईल का, असं सारिकानं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, येईल, पण मग उरते नुसती शांतता. त्याची जीभ, ओठ, टाळू सगळं शाबूत आहे, शब्द घडवायची यंत्रणा ठणठणीत आहे. नाही तो फक्त सूर. पूर्वी यासाठी एक नळकांडं मिळायचं. ते मानेला लावलं की आतमधे भुंग्यासारखा एकसुरी आवाज सुटतो आणि तोंड त्याचे शब्द करतं. शब्द रोग्याचे स्वतःचे, पण भुंगा कधी बदलायचा नाही. भूक लागली हेही तसंच आणि आई गेली हेही तसंच. म्हणून लोकांनी ती नळकांडी फेकली आणि पट्ट्या घेतल्या.

सारिकानं मंगळवारचा प्रकार सांगितला. सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरांनी हसू आवरलं. पट्टीनं नाडी मोजली असणार, त्या म्हणाल्या, अशी नाडी आणि अशी सुरुवात असली की बहुतेक माणसं पुढं काय म्हणतात, ते तिला ठाऊक असतं.

“म्हणजे ते खरंच होतं?” सारिकानं विचारलं.

“अंदाज बरोबर असला तरी तो अंदाजच, ताई. खरंखोटं त्यांनाच विचारायला लागेल.”

परतीच्या एसटीत सारिकाच्या डोक्यात सर्किट तयार झालं. भुंगा एकसुरी का? कारण त्याचे ओठ एका जागी गोठलेत. गोठलेले ओठ हलवायचे हाच तर तिचा धंदा. तारेच्या ऐवजी मानेच्या स्नायूंची वीज घ्यायची. माणूस बोलताना जितका जोर लावेल तितकी बादली भरेल, आणि भुंग्याचा आवाज त्याप्रमाणे उघडेल, मिटेल. शब्द त्याच्या तोंडाचे, जोर त्याच्या गळ्याचा, मधे अंदाज बांधणारं कुणी नाही. डॉक्टरांनी अंदाजाची चिप काढलेली एक जुनी पट्टी तिला दिली होती, आणि कातडीला अपाय होऊ नये म्हणून विजेची मर्यादा लिहून दिली होती.

पुढचे दहा दिवस दोघी बायका कामाला लागल्या. मेहरूननं दहा पैशाच्या नाण्याएवढी कॉइल गुंडाळली, मानेला लावून गुंजणारी. सारिकानं सर्किट आधी सोल्डर न करता नुसत्या वायरी टोचून मांडलं आणि मीटरवर, मग स्वतःच्या मानेवर तपासलं. खरा त्रास बादलीच्या भोकानं दिला. भोक मोठं ठेवलं तर आवाज शेळीसारखा थरथरायचा. बारीक ठेवलं तर मागच्या वाक्यातला राग पुढच्या वाक्यात शिल्लक राहायचा, म्हणजे शिवी देऊन झाल्यावर चहा मागितला तरी चहालाही शिवीचा वास. कपॅसिटर बदलून बदलून तिनं अखेर माणसाच्या रागाला निवायला किती वेळ लागतो तेवढा वेळ जुळवला. शेवटच्या दिवशी सकाळी सगळं एका छोट्या बोर्डावर पक्कं सोल्डर केलं. हात भराभर चालत होते आणि डोकं भलतीकडंच होतं. मग तिनं सर्जेरावला निरोप धाडला की पेडल तयार आहे, घेऊन जा.

तो अकराच्या सुमाराला आला. “सुप्रभात, सारिकाताई,” पट्टी म्हणाली. सारिकानं हात पुढं केला आणि पट्टी काढून द्यायला सांगितलं. त्यानं ती काढली. तिनं आपण तयार केलेली बांधली, कॉइल नीट बसवली, आणि छातीतून वारा न काढता नुसतं तोंडानं बोलायचं, घाई करायची नाही, एवढं समजावलं. प्लायवूडपलीकडं मेहरूनचं मशीन थांबलं होतं. सर्जेरावनं ओठ हलवले.

“च्यायला,” तो म्हणाला.

आवाज जरासा गुणगुणता, पण उघडा, स्वच्छ. शब्द त्याचा होता, यात शंकाच नको. दोन वर्षांत पट्टीनं तो एकदाही त्याच्या तोंडातून बाहेर पडू दिला नव्हता. सर्जेराव थक्क झाला, पुन्हा म्हणाला, आणखी दोनदा म्हणाला, आणि मग जो सुटला तो सुटलाच. टेम्पोचा ड्रायव्हर, गावातली दुसरी बेंजो पार्टी, डॉक्टरांचं पथ्याचं जेवण, आणि मुख्य म्हणजे ती पट्टी, सगळ्यांचा त्यानं जुन्या सवयीनं, गळ्याला जराही ताण न देता यथास्थित उद्धार केला. पलीकडं मेहरून हसून हसून बेजार झाली. सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

मग तो ऑपरेशनचं सांगू लागला. शुद्धीवर आल्यावर नर्सला हाक मारायला गेलो आणि हाकच आली नाही, असं सांगताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि आवाज उघडायच्या ऐवजी मिटत गेला. जाड झाला, खाली खाली गेला, शेवटचा शब्द जेमतेम पोचला. सारिकानं कपाळाला हात लावला. उलटा. हात आपल्या सवयीनं चालले होते आणि तिनं माणसाच्या गळ्यासाठी बेंजोचा डायोड जोडला होता. जोर वाढला की ओठ मिटायचे. बेंजोचं ठीक आहे, पण माणूस जीव तोडून बोलायला लागला की त्याचं तोंड बंद करणारी डबी काय कामाची? चुकलं म्हणाली, दोन मिनिटं थांबा म्हणाली, आणि सोल्डरिंगची कांडी उचलली.

सर्जेरावनं मानेवरच्या बोर्डावर पंजा ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “बरोबर हाय.”

तिला वाटलं, भीड पडली म्हणून म्हणतोय. आणि एकदम आठवलं. वडील गेले त्या दिवशी दुकानासमोर गर्दी होती, जो तो मोठमोठ्यानं धीर देत होता. हा गावचा सगळ्यात मोठा आवाज, तिच्याजवळ येऊन इतक्या हळू बोलला होता की तिला वाकून ऐकावं लागलं. मी भाईर बसलोय, एवढंच. आणि संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला होता. चहासाठी, टेम्पोसाठी, भांडणासाठी त्याचा आवाज गावभर जायचा. मनाला लागलेलं काही सांगायचं असलं की तो नेहमी असाच खाली जायचा. कंपनीच्या संगणकाला जो सापडला नाही तो सर्जेरावचा आवाज तिच्या चुकीनं सापडला होता.

तिनं कांडी ठेवली. आता विचारायचं नाही तर कधी?

“त्या मंगळवारी,” ती म्हणाली, “ते तुम्ही बोललासा का पट्टी?”

“पट्टी,” सर्जेराव म्हणाला. आवाज लख्ख उघडा होता, कसलाही जोर नसलेला. “मी पेडलचं बोलत हुतो.”

तयारी आहे म्हणणं सोपं असतं. तिनं मान हलवली, बरं म्हणाली, आणि त्याचं जुनं पेडल शोधायला फडताळाकडं वळली. मागून आवाज आला. या वेळी तो उघडा नव्हता.

“अकरा वर्सं पेडलचंच बोलतोय.”

पेडल तिच्या हाताला लागलं, पण ती वळली नाही.

“घरी डबी मीच उघडायचो. आतली एक तार सोडवायची, आणि तुमच्याकडं यायचं. दुसरं काय बोलायचं ते सुचायचं न्हाई.”

“ठाऊक हाय,” सारिका वळून म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही काही फार वर नव्हता. “स्क्रूवर ओरखडे दिसायचे मला. ती तार मी पण घट्ट बसवत न्हवते.”

हे ऐकून सर्जेराव हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे गदगदले. मग त्यानं हसू आवरलं, स्टूल पुढं ओढलं, आणि आता अंदाज बांधणारी पट्टी नाही, पेडल नाही, कुणाचा आधार नाही हे जाणून मनापासून सगळा जोर लावून त्यानं तिला विचारलं. बादली काठोकाठ भरली. आवाज मिटत मिटत इतका खाली गेला की शेवटी काउंटरची काच तेवढी थरथरली.

प्लायवूडवर थाप पडली. “काय म्हणाला गं?” मेहरून पलीकडून ओरडली. “मला काय बी ऐकू आलं न्हाई.”

“मला आलं,” सारिका म्हणाली. आणि तिचं व्हय मात्र एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं.